ट्रायल कोर्टातला स्टाफ अटर्नी (फ्लोरिडा)

ट्रायल कोर्टातला स्टाफ अटर्नी म्हणजे अमेरिकेत जिथे साक्षीपुरावे होतात, ज्युरी बसते, त्या खालच्या कोर्टात जजसाठी काम करणारा पगारी वकील. त्याला अशील नसतो, तो उभा राहून युक्तिवाद करत नाही आणि ऑर्डरवर सहीही त्याची नसते. आलेला अर्ज वाचायचा, जुनं रेकॉर्ड काढायचं, कायदा शोधायचा, जजना मेमो लिहून द्यायचा आणि त्यांनी काय ठरवलं ते कळलं की ऑर्डरचा मसुदा करायचा. बाहेरच्या लोकांना हा माणूस दिसतच नाही, वकिलांनाही फारसा नाही.

नाव राज्याराज्यात बदलतं. कॅलिफोर्नियात रिसर्च अटर्नी म्हणतात, आणि तिथल्या बऱ्याच कोर्टांत सिव्हिल मोशनवर (दिवाणी केसमधल्या अर्जावर) जजचा कच्चा निर्णय सुनावणीच्या आदल्या दिवशी दुपारी ३ पर्यंत लावतात त्यामुळे सगळी धावपळ त्या वेळेच्या आधी. न्यूयॉर्कमध्ये कोर्ट अटर्नी किंवा लॉ क्लार्क. फेडरल डिस्ट्रिक्ट कोर्टात वकील न घेता स्वतः दावा लावणाऱ्या कैद्यांची प्रकरणं बघायला वेगळे प्रो से लॉ क्लार्क असतात. या नोंदीत मुख्यतः फ्लोरिडा, कारण या कामाची गरज का पडते ते तिथे जेवढं स्वच्छ दिसतं तेवढं बाकी कुठे दिसत नाही.

जजच्या हाताखाली शिकलेला वकील ठेवायची पद्धत तशी जुनी. होरेस ग्रे १८८२ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टात आले तेव्हा हार्वर्डचा ताजा पदवीधर स्वतःच्या खिशातून पगार देऊन ठेवायचे. फेडरल डिस्ट्रिक्ट जजना अशी सोय व्हायला १९३६ उजाडलं. पण हे लॉ क्लार्क एका जजचे, साधारण वर्ष-दोन वर्षांसाठी येणारे, आणि पुढच्या मोठ्या नोकरीची पायरी म्हणून येणारे. स्टाफ अटर्नी त्यातला नाही. तो सर्किटचा, म्हणजे राज्यातल्या ट्रायल कोर्टांच्या एका विभागाचा कर्मचारी, अनेक जजमध्ये वाटलेला, आणि त्यातले काही वर्षानुवर्षं तिथेच असतात.

फ्लोरिडात ६७ काउंटी (आपल्या जिल्ह्यांसारख्या) आणि २० सर्किट आहेत. पूर्वी ट्रायल कोर्टाच्या खर्चाचा मोठा भाग काउंटी उचलायच्या, त्यामुळे ज्या काउंटीकडे पैसा तिच्या कोर्टात माणसं जास्त असा प्रकार होता. १९९८ मध्ये मतदारांनी राज्यघटनेत दुरुस्ती मंजूर केली आणि १ जुलै २००४ पासून हा भार मुख्यतः राज्यावर आला. जज तिथे निवडून येतात, सहा वर्षांसाठी, आणि त्यांची डिव्हिजन फिरत राहते. आयुष्यभर घटस्फोटाच्या केसेस चालवलेला वकील जज होतो आणि त्याला फौजदारी डिव्हिजन मिळतं, अशा वेळी शिक्षेचं गणित कसं करतात हे त्याला कोण सांगणार तर हाच मागच्या खोलीतला माणूस.

आता खरा मुद्दा कैद्यांच्या अर्जांचा. १९६१ मध्ये पनामा सिटीच्या एका पूल रूममध्ये चोरी झाली, क्लॅरन्स अर्ल गिडियन पकडला गेला, वकील द्या म्हणाला, कोर्टाने नाही म्हटलं आणि पाच वर्षांची शिक्षा झाली. त्याने तुरुंगातून पेन्सिलीने अर्ज लिहून थेट अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाला पाठवला. १८ मार्च १९६३ ला निकाल लागला की गंभीर गुन्ह्यात गरीब आरोपीला सरकारने वकील दिलाच पाहिजे, आणि त्याच वर्षी फेरखटल्यात, या वेळी वकील सोबत असताना, गिडियन सुटला. पण वकिलाशिवाय शिक्षा झालेले असे हजारो कैदी फ्लोरिडाच्या तुरुंगांत होते, त्या सगळ्यांचे अर्ज आता येणार हे उघड होतं, म्हणून १९६३ मध्येच राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एक नियम केला: ज्या कोर्टाने शिक्षा दिली त्याच कोर्टात अर्ज करा. तोच आज नियम ३.८५०.

गंमत बघा, खटल्यात वकील मिळायचा हक्क ज्या केसमधून आला तिच्यातूनच जन्मलेल्या या अर्जासाठी मात्र वकील आपोआप मिळत नाही (फाशीच्या केसेसची व्यवस्था वेगळी आहे). म्हणून कैदी स्वतः लिहितो, नाहीतर तुरुंगाच्या लायब्ररीतला दुसरा कैदी लिहून देतो. मुदत शिक्षा अंतिम झाल्यापासून दोन वर्षं, काही अपवाद सोडून. पानं ५० पर्यंत, आणि बरेच जण ती पन्नासही भरतात. तारीख मोजताना कोर्टात कागद कधी पोचला ते बघत नाहीत, तुरुंगाच्या अधिकाऱ्याच्या हातात कधी दिला ते बघतात, त्यामुळे स्टाफ अटर्नी आधी शोधतो तो पहिल्या पानावरचा तुरुंगाचा शिक्का.

मग वाचन सुरू. अर्जात कायद्याला हवं ते नीट मांडलेलं नसेल तर लगेच फेटाळायचं नाही, ६० दिवसांत दुरुस्त करा अशी ऑर्डर निघते. मांडणी ठीक असेल तर रेकॉर्ड उघडायचं आणि कैदी म्हणतो ते रेकॉर्डच खोटं पाडतंय का ते बघायचं. पाडत असेल तर सुनावणी न घेता अर्ज फेटाळता येतो, पण मग ट्रान्सक्रिप्टमधली, प्ली फॉर्ममधली (गुन्हा कबूल करताना सही केलेला कागद) नेमकी ती पानं ऑर्डरला जोडावी लागतात. मला विचाराल तर सगळ्या कामाचा कस इथे लागतो. "वकिलाने मला सांगितलंच नाही की जास्तीत जास्त किती शिक्षा होऊ शकते" असं कैदी लिहितो, आणि गुन्हा कबूल करताना जजने त्याला शपथेवर तेच विचारलेलं असतं, त्याचं उत्तर ट्रान्सक्रिप्टच्या कुठल्यातरी पानावर असतं, ते पान सापडलं तर अर्ज संपला आणि नाही सापडलं तर सरकारी वकिलाचं उत्तर मागवा, नाहीतर सुनावणी ठेवा.

बहुतेक अर्जांत तक्रार एकच, माझा वकील नालायक होता. त्याची कसोटीही फ्लोरिडातूनच गेलेल्या १९८४ च्या स्ट्रिकलंड निकालात ठरली: वकिलाचं काम वाजवी दर्जाच्या खाली होतं का, आणि तसं नसतं तर निकाल वेगळा लागण्याची वाजवी शक्यता होती का. दोन्ही दाखवावं लागतं. बहुतेक अर्ज इथेच पडतात. पण शिक्षेच्या हिशोबातली चूक ही वेगळी गोष्ट, बेकायदा शिक्षा कधीही दुरुस्त होऊ शकते, त्याला दोन वर्षांची मुदत नाही, नियम ३.८००. गचाळ अक्षरातल्या चाळीस पानांत एका ओळीत कायद्यातल्या कमाल मर्यादेपेक्षा जास्त शिक्षा दिली असं लिहिलेलं असतं आणि ते खरं निघतं. म्हणून वरवर वाचून चालत नाही. या कैद्याची अख्खी फाइल कागद न् कागद वाचणारा वकील बऱ्याचदा हा एकटाच असतो, आणि तो कैद्याचा वकील नसतो, हे या नोकरीतलं सगळ्यात विचित्र. तोच तोच अर्ज परत परत टाकणाऱ्याला मात्र आधी कारणे दाखवा नोटीस देऊन पुढचे अर्ज वकिलामार्फतच घेऊ असं कोर्ट सांगू शकतं.

ऑर्डरवर अपील झालं तर ते वरच्या डिस्ट्रिक्ट कोर्ट ऑफ अपीलकडे जातं, ती १ जानेवारी २०२३ पासून सहा आहेत. तिथून बरेचदा एकच शब्द परत येतो, अफर्म्ड, कारणांशिवाय. याला पीसीए (पर क्युरिअम अफर्म्ड) म्हणतात. ऑर्डर टिकली एवढं कळतं, का टिकली ते नाही.

बाकीची कामंही असतात. १ जानेवारी २०२१ पासून काउंटी कोर्टाची बहुतेक अपिलं सर्किटकडून काढून वर नेली, तरी ड्रायव्हिंग लायसन्स सस्पेंड केल्याविरुद्धचे आणि शहराच्या झोनिंग (कुठल्या जागेचा वापर कशासाठी) निर्णयांवरचे अर्ज अजून सर्किटकडेच येतात. सिव्हिलमध्ये ऑर्डरचा मसुदा सहसा जिंकलेल्या बाजूचा वकीलच देतो, ही सोय आहे आणि धोकाही. २००४ मध्ये राज्याच्या सुप्रीम कोर्टाने एका घटस्फोटाचा निकाल याच कारणावरून उलटवला, जजने बायकोच्या वकिलाचा मसुदा जसाच्या तसा सही केला होता आणि निर्णय खरंच जजचा आहे का अशी शंका घ्यायला जागा होती. मग स्टाफ अटर्नीचा मसुदा तरी जज जसाच्या तसा सही करत नाहीत का? करतात की. फरक इतकाच की हा माणूस कुठल्याच बाजूचा नाही. पण जजकडे शेकडो केसेस असताना मेमो कसा मांडलाय यावर निर्णय कुठे झुकतो हे नाकारण्यात अर्थ नाही, म्हणून चांगला मेमो विरुद्ध बाजूचा सगळ्यात मजबूत निकाल आधी सांगतो.

बंधनं कडक. दोन्ही बाजूंच्या वकिलांशी केसबद्दल एकेकट्याने बोलायचं नाही, कैद्याच्या आईचा फोन आला तर तो घ्यायचा नाही, रेकॉर्डबाहेरची वस्तुस्थिती गुगल करायची नाही, कारण जजला जे स्वतः शोधायची बंदी आहे ते त्याच्या माणसालाही बंद. कायदा मात्र हवा तेवढा शोधा, वेस्टलॉ, लेक्सिस असे निकालांचे ऑनलाइन संग्रह आहेत, आणि वापरलेला निकाल अजून जिवंत आहे ना ते दर वेळी तपासा.

आपल्याकडे मुंबई हायकोर्टाच्या जजना लॉ क्लार्क मिळतात, पण तालुका-जिल्हा कोर्टात स्टेनो, बेंच क्लार्क आणि शिरस्तेदार असतात, संशोधन करून मेमो देणारा वकील सहसा नसतो. रोजनामा लिहायला माणूस आहे पण निकाल जज स्वतःच स्टेनोला सांगतात.

या नोकरीसाठी तीन वर्षांची जेडी (अमेरिकेतली कायद्याची पदवी) आणि फ्लोरिडा बारचं, म्हणजे तिथल्या वकिलांच्या संघटनेचं सदस्यत्व हा नेहमीचा रस्ता, बरेच जण लॉ स्कूलमधून थेट येतात आणि काही सरकारी वकील किंवा पब्लिक डिफेंडर (गरीब आरोपींना सरकारने दिलेला वकील) राहून मग. नुसती भारतातली एलएलबी इथे पुरत नाही.