खाजगी रान (कोकण)

खाजगी रान : कोकणात शेतकऱ्यांच्या मालकीच्या वरकस (हलक्या, डोंगरउताराच्या) जमिनीवर आपसूक वाढलेले जंगल आणि ते राखून वापरण्याची रीत. रत्नागिरी जिल्ह्यात शासकीय वन अगदी थोडे आहे. डोंगरउतारावर दिसणारी बहुतेक झाडी कोणाच्या ना कोणाच्या सातबाऱ्यावर असते. त्यामुळे इथले जंगल टिकणे न टिकणे मालकाच्या हाती आहे.

या रानांत ऐन, किंजळ, नाणा, कुंभा, जांभूळ, बेहडा ही झाडे प्रामुख्याने आढळतात. पूर्वी तरव्यासाठी (भाताच्या रोपांसाठी) जमीन भाजायला, म्हणजे राब करायला, ऐन-किंजळाचा कवळ (पालेदार फांद्या) तोडत. फांद्या जात, झाड मात्र उभे राही. आता ठेकेदार उभे रान एकगठ्ठा विकत घेतो आणि सगळे एकदमच कापून नेतो. ऐन-किंजळ खुंटातून पुन्हा फुटतात, म्हणून रान परत आल्यासारखे वाटते. पण सात-आठ वर्षांनी पुन्हा तोड झाली की बी धरण्याइतके मोठे एकही झाड उरत नाही, खुंट दमतात आणि मोकळ्या जागेत रानमोडी हे तण माजते.

राखून तोडायची तर रानाचे पट्टे पाडावेत. दहा एकरांतले दर वर्षी अर्धा एकरच तोडले, तर त्याच पट्ट्यात परत यायला वीस वर्षे मिळतात. तोड नवी पालवी येण्याआधी करावी. घाव जमिनीलगत, तिरका आणि एकसंध हवा: पाणी साचले किंवा साल सोलवटली तर खुंट कुजतो. पावसाळ्यात एकेका खुंटाला दहा-बारा फुटवे येतात. दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी त्यांतले मातीलगतचे एक-दोन जोमदार ठेवून बाकीचे काढावेत. तोवर वई (कुंपण) घालून गुरे बाहेर ठेवणे आणि उन्हाळ्याआधी हद्दीवरचे गवत कापून वणवा अडवणे, ही दोन कामे चुकली तर सगळी मेहनत वाया जाते.

काही झाडांना हात लावूच नये. वहाळाच्या (ओढ्याच्या) काठची झाडी, उंबर, जुना आंबा ही त्यांतली. आणि सर्वांत आधी ढोलीचा, म्हणजे खोडात पोकळी असलेला, बेहडा. धनेश पक्ष्याची मादी अशा ढोलीत शिरून तोंड लिंपून घेते आणि लहानशा फटीतून नर तिला फळे भरवतो. एवढी ढोली पडायला झाड म्हातारे व्हावे लागते. ते पडले की मालकाच्या हयातीत दुसरे तयार होत नाही.

ऐन, किंजळ, खैर, हिरडा, आंबा अशी अनुसूचित झाडे तोडायला महाराष्ट्र वृक्षतोड (विनियमन) अधिनियम, 1964 नुसार परवानगी लागते. 1975 च्या खाजगी वन संपादन कायद्याने अनेक खाजगी वने 30 ऑगस्ट 1975 रोजी शासनाकडे गेली, त्यामुळे सातबाऱ्यावरचा शेराही पाहून घ्यावा. खरी अडचण सामायिक मालकीची असते. उताऱ्यावर वीस-पंचवीस नावे, निम्मी मुंबईत. प्रत्येकाला आपला वाटा रोख हवा असतो आणि सगळ्यांना पटणारा सोपा तोडगा म्हणून रान विकले जाते.

पुण्याच्या अप्लाइड एन्व्हायर्नमेंटल रिसर्च फाउंडेशनने संगमेश्वर तालुक्यात मालकांशी करार करून, मोबदला देऊन रान न तोडण्याची हमी मिळवली आहे. बेहड्याच्या फळांना फेअरवाइल्ड (रानातला माल झाडे राखून वेचल्याच्या) प्रमाणपत्रामुळे औषधी वनस्पतींच्या बाजारात गिऱ्हाईक मिळते. लाकडाचे पैसे एकदाच येतात. बेहडा उभा राहिला तर त्याची फळे वर्षानुवर्षे वेचता येतात.