भायखळ्याच्या तुरुंगातले दोन गट

सूक्ष्मजीवशास्त्राच्या दुसऱ्या वर्षाची तोंडी परीक्षा. सरांनी माझं जर्नल चाळत विचारलं, "कंट्रोल म्हणजे काय?" हे तर पाठच होतं. एका प्लेटमध्ये औषध घालायचं, दुसरीत नाही. बाकी सगळं सारखं ठेवायचं. दोन्हींत फरक दिसला तर तो औषधाचा. सरांनी जर्नल मिटलं आणि म्हणाले, "बरोबर. आता त्या दुसऱ्या प्लेटमध्ये माणसं आहेत असं समज." मला काही सुचेना. ते म्हणाले, "परळच्या हाफकिन संस्थेत जाऊन ये. नाहीतर भायखळ्याच्या तुरुंगाचं वाच." मार्क दिले, पण प्रश्न काही सोडला नाही. पुढची सुट्टी मी त्या वाचनात घालवली. त्यातून हाती लागलेली ही पार्श्वभूमी, मुंबईतल्या प्लेगची आणि हाफकिन यांच्या लशीची.

सुरुवात मुंबईतल्या मांडवी भागातून होते. सप्टेंबर 1896. मूळचे गोव्याच्या हडफडे गावचे डॉ. अकासियो व्हिएगस यांनी मांडवीतल्या रुग्णांच्या जांघेतल्या नि काखेतल्या गाठी पाहिल्या आणि हा प्लेग आहे असं सांगितलं. लगेच मान्य कोण करणार? प्लेग म्हटलं की बंदर बंद, धंदा बंद. पण जहाजांवाचून मुंबई कसली? दोनच वर्षांपूर्वी, 1894 मध्ये, हाँगकाँगच्या साथीत अलेक्झांडर येरसँ यांनी या रोगाचा जंतू शोधला होता. त्यामुळे 'मला वाटतं' आणि 'मी पाहिलं' यांच्यामध्ये आता एक सूक्ष्मदर्शक येऊन बसला होता. निदानाची खात्री करायला सरकारने तज्ज्ञ बोलावले. त्यांत वाल्डेमार हाफकिन होते.

हाफकिन आजच्या युक्रेनमधल्या ओडेशाचे, ज्यू कुटुंबातले, पॅरिसच्या पाश्चर संस्थेत काम केलेले. 1892 मध्ये त्यांनी कॉलऱ्याची लस तयार करून आधी स्वतःला टोचून घेतली होती आणि 1893 पासून ते भारतात ती लस देत हिंडत होते. मुंबईत त्यांना ग्रँट मेडिकल कॉलेजात एक खोली आणि लगतचा व्हरांडा मिळाला. हाताखाली एक कारकून आणि तीन शिपाई. आमच्या कॉलेजच्या लॅबमध्ये सामान कमी म्हणून मी वर्षभर कुरकुर करत होते. हे वाचल्यापासून गप्प आहे.

त्यांनी जंतू कसे वाढवले ते मला सगळ्यांत आवडलं. मांसाचा रस लागतो, पण इथे गोमांस किंवा डुकराचं मांस वापरून लस केली तर घेणार कोण? म्हणून बकऱ्याच्या मांसाचा रस घेतला. त्यावर तुपाचे थेंब सोडले. प्लेगचे जंतू त्या तरंगत्या थेंबांना धरून खाली वाढत जायचे, गुहेच्या छताला चुन्याचे सुळके लोंबतात तसे. चंबू हलवला की ते सुळके तुटून तळाशी बसायचे आणि थेंबांखाली नवे लोंबायला लागायचे. काही आठवड्यांनी तो सगळा रस तापवून जंतू मारायचे आणि वर थोडं कार्बोलिक ॲसिड घालायचं. लस तयार. घरच्या फोडणीतल्या तुपाला असाही इतिहास आहे हे आईला सांगितलं तर तिने कढई बाजूलाच ठेवली.

10 जानेवारी 1897 ला हाफकिन यांनी ही लस स्वतःला टोचून घेतली, तीही पुढे लोकांना दिली त्याहून कितीतरी मोठ्या मात्रेची. ताप चढला, जागा सुजली, ते बरे झाले. आपल्याला यात धैर्य दिसतं आणि ते होतंच. पण प्रयोग म्हणून पाहिलं तर यातून कळलं काय? लस टोचली म्हणून माणूस मरत नाही, एवढंच. ती प्लेगला अडवते का, हे एकट्या माणसाला स्वतःवर करून पाहता येत नाही. त्यासाठी भोवती साथ हवी आणि सोबत लस न घेतलेली माणसं हवीत.

ती माणसं भायखळ्याच्या तुरुंगात मिळाली. जानेवारीच्या अखेरीस तिथे प्लेग शिरला. आत तीनशेवर कैदी; सगळ्यांचं अन्न एक, पाणी एक, भिंती त्याच. प्रयोगशाळेत आम्ही ज्यासाठी धडपडतो ती 'बाकी सगळं सारखं' ही अट तुरुंगाने फुकटात पुरवली होती. 30 जानेवारीला हाफकिन यांनी कैद्यांना समजावलं आणि सुमारे निम्मे कैदी लस घ्यायला पुढे आले. बाकीचे तसेच राहिले. त्या दिवशीच ज्यांच्यात रोग उघड झाला ते हिशेबातून वेगळे काढले, कारण लस टोचायच्या आधीच जंतू त्यांच्या अंगात होता. पुढचे काही दिवस मोजदाद झाली. लस न घेतलेल्यांत 12 जणांना प्लेग झाला, त्यातले 6 दगावले. लस घेतलेल्यांत दोघांना झाला, मेलं कोणी नाही.

तोंडी परीक्षेच्या भाषेत हा निकाल चांगला आहे. पण शंका घ्यायला जागा आहे, आणि ती तेव्हाही घेतली गेली. लस घ्यायला कोण पुढे आलं? अंगाने धडधाकट होते तेच आले असतील तर दोन गट मुळातच सारखे नव्हते. आकडेही लहान. आणि दुसरी शंका माझी: तुरुंगातला माणूस 'हो' म्हणतो त्याला किती अर्थ? कुणी बळजबरी केल्याची नोंद नाही. निम्मे मागे राहिले, म्हणजे नाही म्हणायची सोय होती. तरीही दाराबाहेर शिपाई उभा असताना दिलेली संमती आणि आपल्या ओसरीवर बसून दिलेली संमती या एक नव्हेत. आज आपल्याकडच्या वैद्यकीय संशोधनाच्या नियमांत कैद्यांना विशेष संरक्षण लागणारे लोक मानतात, आणि ते उगाच नाही. मात्र 1897 च्या माणसांना 1947 च्या न्यूरेंबर्ग संहितेची पट्टी लावून मोकळं व्हायचं, हेही मला पटत नाही. बाहेर रोज माणसं मरत होती. लस सगळ्यांना देऊन टाकली असती तर ती उपयोगी आहे की नाही हेच कळलं नसतं, आणि मग ती मांडवीत कुणी घेतली असती?

गटांच्या सारखेपणावर हाफकिन यांनीच पुढे एक तोड काढली, बडोदे संस्थानात. फेब्रुवारी 1898, बडोद्याजवळचं उंढेरा गाव. प्लेग गावात आलेला. या वेळी पुढे येतील त्यांना लस असं केलं नाही. घरोघरची माणसं एकत्र करून प्रत्येक घरातल्या निम्म्यांना टोचलं, निम्म्यांना नाही. एकाच चुलीवरचं खाणारी, एकाच छपराखाली झोपणारी माणसं दोन गटांत. नंतर ज्या 28 घरांत प्लेग झाला तिथे लस न घेतलेले 64 जण होते. त्यातल्या 27 जणांना लागण झाली आणि 26 मेले. लस घेतलेले 71. लागण 8 जणांना, मृत्यू 3.

26 आणि 3. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वहीत 'उत्तम कंट्रोल' असं लिहिलं. दुसऱ्या दिवशी ते खोडलं. एका घरात दोन भाऊ, एकाचा दंड दुखतोय, दुसऱ्याचा नाही, आणि आठवड्याने दुखरा दंडवालाच उरला आहे, असं चित्र डोळ्यांपुढे आलं. खोडलं खरं, पण त्या जागी काय लिहावं ते अजून ठरलेलं नाही. कारण प्रयोग म्हणून तो उत्तमच होता.

त्याच काळात पुण्यात काय चाललं होतं हे शाळेत सगळेच शिकतात, म्हणून थोडक्यात. साथरोगाचा कायदा फेब्रुवारी 1897 मध्ये झाला (तोच 2020 च्या मार्चमध्ये महाराष्ट्रात पुन्हा लागू झाला, मी तेव्हा शाळेत होते), रँडच्या हाताखालचे गोरे सोजीर घरात शिरून झडत्या घेऊ लागले, 22 जून 1897 च्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर चाफेकर बंधूंनी गोळ्या झाडल्या. त्याच्या साडेतीन महिने आधी, 10 मार्चला, सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. मुंढव्याच्या एका आजारी मुलाला त्यांनी पाठीवर घेऊन हडपसरजवळ यशवंतरावांच्या दवाखान्यात पोचवलं होतं. इथे मला एवढंच म्हणायचं आहे की झडतीची भीती बसली की लोक आजारी माणूस लपवतात आणि माणूस लपला की मोजणीही खोटी पडते. सक्तीने अब्रू गेली, आणि माहितीही गेली.

आता उंदीर. आमचं मूळ गाव साताऱ्याकडचं. आजीने तिच्या सासूकडून ऐकलेलं सांगायची: "उंदीर पडलं की गाव उठायचं." घरात उंदीर मरून पडू लागले की भांडीकुंडी उचलून माळावर झोपड्या घालायच्या, थंडी सरली, साथ ओसरली की परत यायचं. कारण कुणाला विचारलं तर 'तसंच करत्यात' यापलीकडे उत्तर नाही. पण कृती अचूक होती.

सरकारी शास्त्र त्या वेळी जमीन धूत होतं. मुंबईत गटारांत नि घरांत कार्बोलिकचे फवारे, भिंतींना चुना, छपरं उसकटून आत ऊन. 1898 मध्ये पॉल-लुई सिमाँ हा फ्रेंच डॉक्टर मुंबईहून कराचीला गेला होता. काही रुग्णांच्या अंगावर, पिसू चावते तशा जागी, बारीक फोड होता आणि त्यात प्लेगचे जंतू, हे त्याने पाहिलं होतं. त्याने काचेच्या मोठ्या बरणीत तळाशी वाळू घातली, पिसवांनी भरलेला आजारी उंदीर ठेवला आणि शेजारी जाळीच्या पिंजऱ्यात एक निरोगी उंदीर. दोघे एकमेकांना शिवू शकत नव्हते, पण पिसू जाळीतून उडी मारू शकत होती. आजारी मेला. काही दिवसांनी निरोगी उंदीरही प्लेगने मेला.

मानलं कुणी? 1898 मध्येच नेमलेल्या भारतीय प्लेग आयोगाने पिसवांची गोष्ट बाजूला सारली. पुढे मुंबईत ग्लेन लिस्टन आणि 1905 पासून परळला काम करणारा दुसरा आयोग यांनी गिनिपिग नि पिसवा घेऊन तेच पुन्हा पुन्हा करून दाखवलं, तेव्हा ते ज्ञान झालं. मधली सात-आठ वर्षं गेली. आजीची सासू मात्र त्यातल्या प्रत्येक वर्षी माळावर झोपत होती. आजीचं खरं निघालं म्हणून गावातलं सगळंच खरं, असं नव्हे. त्याच माळावर देवीला कोंबडंही कापत होते आणि त्याने प्लेग हटला असंही सांगत होते. उंदीर आणि कोंबडं यांतलं कोणतं कामाचं, हे बरणीशिवाय कळलं नसतं.

राहिली मुलकोवालची गोष्ट, आणि ती माझ्या फार जवळची, कारण तिच्यात एक चिमटा आहे.

30 ऑक्टोबर 1902. पंजाबातलं मुलकोवाल गाव. 107 जणांना लस टोचली. परळच्या हाफकिन यांच्या प्रयोगशाळेतून आलेल्या बाटल्यांपैकी एकीवर 53-एन असा क्रमांक होता. त्या एका बाटलीतली लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने मेले. चौकशी नेमली गेली. परळच्या प्रयोगशाळेत हाफकिन यांनी पद्धत बदलली होती: कार्बोलिक ॲसिड वगळून फक्त उष्णतेवर भिस्त ठेवली होती, म्हणजे मागणीएवढी लस लवकर तयार व्हावी. पाश्चर संस्थेत तसंच करत होते. पण चौकशीने निष्कर्ष काढला की बाटली उघडण्याआधीच, म्हणजे परळलाच, ती दूषित झाली असावी. हाफकिन निलंबित झाले आणि 1904 मध्ये देश सोडून गेले.

पण चौकशीच्या कागदांतच दुसरी गोष्ट पडून होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला. त्याने तो उचलून कार्बोलिकच्या पाण्यात खळबळला आणि त्यानेच बाटलीचं बूच काढलं. धनुर्वाताचे बीजाणू मातीतच असतात आणि असल्या खळबळण्याने ते मरत नाहीत. चिमटा ज्योतीवर धरावा लागतो. आमच्याकडे पहिल्याच प्रॅक्टिकलला हे सांगतात: खाली पडलं ते मेलं, दुसरं घ्या. शिवाय उघडणाऱ्या डॉक्टरांनी बाटलीचा वास घेतला होता आणि घाण आली नव्हती. बाटली भरल्यापासून उघडेपर्यंतचे 41 दिवस धनुर्वाताचे जंतू त्या रसात वाढत असते तर ती नाकाला कळली असती. रुग्णांना लक्षणं दिसली तीही आठवड्याने. विष आधीच साठलेलं असतं तर इतका वेळ लागला नसता.

हे सगळं 1902 मध्येच नोंदलेलं होतं. तरी बोट परळकडे वळलं, कारण तिथे काहीतरी नवं केलेलं होतं. बदल झाला, नंतर माणसं मेली, म्हणजे बदलाने मेली: ही चूक आम्ही जर्नलमध्ये केली तर लाल शाईने गोल होतो. सिम्प्सन, रोनाल्ड रॉस आणि आणखी काही शास्त्रज्ञांनी लंडनमध्ये हा विषय लावून धरला. जुलै 1907 मध्ये दहा जणांच्या सहीचं पत्र 'टाइम्स'मध्ये छापून आलं आणि त्याच वर्षी हाफकिन निर्दोष ठरले. ते परत आले, पण कलकत्त्याला, आणि लशींच्या नव्या चाचण्या करायची मुभा त्यांना मिळाली नाही.

19 माणसांचं काय, हे त्या पत्रव्यवहारात फारसं येत नाही. चिमटा पडलेल्या मदतनिसाचंही नाही.

परळची प्रयोगशाळा 1899 मध्ये गव्हर्नरच्या जुन्या बंगल्यात सुरू झाली होती. तिला हाफकिन यांचं नाव मिळालं 1925 मध्ये. ते तेव्हा हयात होते, पण मुंबईत नव्हते. 1930 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोझानला वारले. सरांनी सांगितलं म्हणून मी फाटकापर्यंत जाऊन आले. तिथून भायखळ्याचा तुरुंग फार लांब नाही, पायीही जाता येतं. तो अजून तुरुंगच आहे.