मृदा–संरचना आंतरक्रिया (भूकंप अभियांत्रिकी)

भूकंपात जमीन इमारतीला हलवते आणि हलू लागलेली इमारत खालच्या जमिनीला उलट ढकलते. या दुतर्फा व्यवहाराला मृदा–संरचना आंतरक्रिया म्हणतात. नेहमीच्या डिझाइनमध्ये इमारतीचे कॉलम तळाशी पक्के जखडलेले आहेत असे धरतात. बोलीभाषेत यालाच ‘फिक्स्ड बेस’ म्हणतात. खडकावर हे गृहीतक खपून जाते. मऊ मातीवर मात्र पाया थोडा सरकतो आणि बऱ्यापैकी डुलतो. मग कागदावरची इमारत एका तालात हलते आणि जागेवरची दुसऱ्याच.

या संकल्पनेची स्थळपरिणामाशी सर्रास गल्लत होते. खडकातून वर येणाऱ्या लाटा मऊ थरांत शिरल्या की वाढतात, आणि वर एकही इमारत नसली तरी वाढतात. हा झाला स्थळपरिणाम. त्याचे ठळक उदाहरण १९ सप्टेंबर १९८५ रोजी मेक्सिको सिटीत दिसले. भूकंपाचे केंद्र शहरापासून साडेतीनशे किलोमीटरहून जास्त दूर होते, तरी जुन्या तळ्याच्या गाळावर वसलेला भाग उद्ध्वस्त झाला. थराची जाडी चौपट करून तिला कर्तन तरंगांच्या (मातीला आडवे हलवत जाणाऱ्या लाटांच्या) वेगाने भागले की थराचा आवर्तकाल, म्हणजे एक हेलकावा पूर्ण व्हायला लागणारा वेळ, मिळतो. तिथे सुमारे ३८ मीटर चिकणमाती आणि सेकंदाला जेमतेम ७५ मीटर वेग धरला, तर उत्तर २ सेकंदांच्या आसपास येते. सर्वाधिक फटका बसला तो साधारण सहा ते पंधरा मजल्यांच्या इमारतींना. बांधल्या तेव्हा त्यांतल्या अनेकींचा आवर्तकाल २ सेकंदांहून कमी होता. तडे गेल्यामुळे आणि पायाखालच्या मऊपणामुळे तो वाढत त्या धोकादायक आकड्याकडे सरकला. आंतरक्रियेचा संबंध येतो तो इथे.

आंतरक्रियेचे दोन भाग मानतात. पहिली शुद्धगतिकीय. पाया मातीपेक्षा कितीतरी ताठ असतो, त्यामुळे त्याच्या लांबी-रुंदीत मावणाऱ्या बारीक, जलद लाटांना तो दाद देत नाही आणि त्यांची सरासरी काढल्यासारखा एकसंध हलतो. खोल तळघरातही जलद कंपने कमी पोहोचतात. पाइलचे, म्हणजे जमिनीत खोल रोवलेल्या पायाच्या खांबांचे, मात्र उलट होते. मऊ आणि कठीण थर जिथे भेटतात तिथे माती पाइलला वाकवते, आणि वरच्या इमारतीचे वजन लक्षात न घेताही तिथला वाकवणारा मोमेंट (बलाचा फिरवू पाहणारा परिणाम) मोठा येऊ शकतो.

दुसरी जडत्वीय. इमारतीच्या वस्तुमानामुळे पायावर आडवे बल आणि उलथवू पाहणारा मोमेंट येतो, त्याने माती दबते आणि पाया सरकतो, फिरतो. हे फिरणे आकड्यात किरकोळ वाटते. पाया अवघा ०.००१ रेडियन कलला, तरी ३० मीटर उंचीच्या इमारतीचा माथा तेवढ्यानेच ३ सेंटिमीटर बाजूला जातो. शेजारची इमारत खेटून असेल तर हे ३ सेंटिमीटर महागात पडतात.

आंतरक्रिया हिशेबात घ्यायची की सोडायची, याचा ठोकताळा सोपा आहे. इमारतीच्या परिणामी उंचीला (तिचे वस्तुमान जिथे एकवटले आहे असे धरतात त्या उंचीला) कर्तन तरंगांचा वेग आणि इमारतीचा आवर्तकाल यांच्या गुणाकाराने भागायचे. उत्तर ०.१ च्या खाली असेल तर जडत्वीय परिणाम सहसा नगण्य असतो. परिणामी उंची २० मीटर, आवर्तकाल ०.६ सेकंद आणि खडकातला वेग सेकंदाला ८०० मीटर धरला तर ०.०४ येते. तीच इमारत २०० मीटर वेगाच्या मातीवर ठेवली की ०.१७. ताठ इमारतीचा आवर्तकाल उंचीच्या मानाने लहान असतो, म्हणून हा आकडा मोठा येतो. म्हणूनच ताठ भिंतींच्या बुटक्या इमारतींना ही बाब उंच, लवचिक इमारतींपेक्षा जास्त लागू पडते. पुष्कळांची समजूत याच्या नेमकी उलट असते.

पाया लवचिक झाला की आवर्तकाल वाढतो आणि अवमंदनही (कंपने विरत जाणे) वाढते. मातीच्या कणांच्या घर्षणात ऊर्जा खर्च होते, शिवाय पायापासून लाटा बाहेर पसरतात आणि आपली ऊर्जा घेऊन जातात. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या नऊ मजली मिलिकन लायब्ररीत बसवलेल्या यंत्राने ती इमारत मुद्दाम हलवली, तेव्हा ती कंपने काही मैलांवरच्या माउंट विल्सनवर नोंदली गेली. इमारत जमिनीला हलवते, याचा याहून बोलका पुरावा दुसरा नसावा.

डिझाइनचा प्रमाण वर्णपट, म्हणजे कोणत्या आवर्तकालाच्या इमारतीवर किती बल धरायचे ते दाखवणारा आलेख, ठरावीक आवर्तकालानंतर उतरत जातो. आवर्तकाल वाढला म्हणजे बल कमी, असे त्यावरून दिसते, आणि मऊ माती इमारतीला वाचवते हा समज रूढ होण्याचे कारणही हेच. तो धोक्याचा आहे. प्रत्यक्षातल्या वर्णपटाचा उंचवटा मेक्सिकोप्रमाणे पुढे, जास्त आवर्तकालाकडे असला, तर वाढलेला आवर्तकाल इमारतीला थेट त्या उंचवट्यावर नेऊन बसवतो. १९९५ च्या कोबे भूकंपात हान्शिन द्रुतगती मार्गाचा एकेरी खांबांवरचा सुमारे ६३५ मीटर लांबीचा भाग आडवा झाला. पायाच्या लवचिकतेने खांबांवरची मागणी वाढवली असावी, असा निष्कर्ष मायलोनाकिस आणि गाझेटास या संशोधकांनी २००० साली मांडला.

मातीच धीर सोडते तेव्हा वरचे सारे हिशेब गैरलागू ठरतात. १९६४ साली जपानमधील निइगाता येथे भूकंपात वाळूचे द्रवीकरण होऊन, म्हणजे पाण्याने भरलेली वाळू द्रवासारखी वागू लागून, रहिवासी इमारती कलल्या. एक तर जवळपास आडवी झाली, पण सांगाडे बहुतांशी शाबूत राहिले.

गणिताची सुरुवात रेइस्नर यांनी १९३६ मध्ये लवचिक अर्धअवकाशावरच्या (खाली आणि बाजूंना अमर्याद मानलेल्या जमिनीवरच्या) कंप पावणाऱ्या चकतीचा अभ्यास करून केली. पुढे अणुवीज केंद्रांनी या विषयाला वेग दिला. तैवानमधील लोटुंग येथे आवरणपात्राची (अणुभट्टीभोवतीच्या संरक्षक कवचाची) एक चतुर्थांश आकाराची प्रतिकृती बांधून खऱ्या भूकंपांत तिच्या नोंदी घेतल्या गेल्या. आज एक तर माती आणि इमारत एकाच प्रतिमानात घेतात, नाही तर मातीच्या जागी स्प्रिंग आणि अवमंदक (कंपने शोषणारे घटक) बसवतात. स्प्रिंगची ताठरता सॉइल रिपोर्टमधल्या (माती-तपासणी अहवालातल्या) कर्तन तरंगांच्या वेगावरून काढतात. जोराच्या हादऱ्यात माती मऊ पडते, म्हणून ही ताठरता कमी करून घ्यावी लागते. तरीही त्या आकड्यावर कोणी पुरता भरवसा ठेवत नाही. ताठरता एकदा निम्मी आणि एकदा दुप्पट धरून विश्लेषण करतात, आणि प्रत्येक भागासाठी दोहोंतला जो निकाल जास्त कडक तो घेतात.