कर्नलमध्ये अंतर्भूत केलेल्या फाइली (लिनक्स)

लिनक्स कर्नल (प्रणालीचा गाभा असलेला प्रोग्रॅम) बिल्ड करतानाच, म्हणजे स्रोत-कोडपासून बांधतानाच, काही फाइली कॉम्प्रेस करून त्याच्या इमेजमध्ये, म्हणजे बांधून तयार झालेल्या कर्नलच्या फाइलीत, बसवण्याची पद्धत. चालू प्रणालीवर त्या फक्त वाचता येतात. सर्वांत परिचित उदाहरण /प्रॉक/कॉन्फिग.जीझेड या फाइलीचे आहे. कर्नल कोणते पर्याय निवडून बांधला, याची पूर्ण यादी तीत असते.

हे पर्याय हजारोंच्या संख्येत असतात. डेबियनसारखी वितरणे (लिनक्सचे तयार संच) त्यांची प्रत /बूट फोल्डरात ठेवतात, आर्च हे वितरण मात्र ती कर्नलमध्येच ठेवते. डिस्कवरची प्रत हरवू शकते किंवा दुसऱ्याच कर्नलची निघू शकते. कर्नलच्या पोटातली यादी त्याच्यापासून सुटत नाही. अँड्रॉइडमध्येही कर्नलची सुसंगतता तपासताना हीच फाइल वाचली जाते.

बिल्डच्या वेळी .कॉन्फिग ही पर्यायांची मजकूर फाइल जीझिप या साधनाने कॉम्प्रेस होते. त्यात मूळ नाव आणि वेळ नोंदवायची नाही अशी सूचना दिलेली असते, नाहीतर तोच कर्नल पुन्हा बांधल्यावर बाइट जुळणार नाहीत. मग असेंब्लरच्या (यंत्रभाषेतला कोड बनवणाऱ्या साधनाच्या) .इन्कबिन या आदेशाने ती फाइल जशीच्या तशी केवळ-वाचनीय डेटा विभागात टाकली जाते. २०१९ पूर्वी यासाठी बाइटांचा सी भाषेतला ॲरे तयार करावा लागे. फाइलीच्या दोन्ही टोकांना आठ-आठ अक्षरी खुणा असतात. कर्नल सुरू होत नसला, तरी त्या खुणा हुडकून एक छोटी स्क्रिप्ट त्याच्या इमेजमधून यादी बाहेर काढते. अडचणीच्या वेळी ही सोय फार मोलाची ठरते.

फाइल वाचताना कर्नल स्वतः काही उलगडत नाही. तो कॉम्प्रेस केलेले बाइट हवाली करतो, ते उलगडून दाखवण्याचे काम झेडकॅटसारख्या साधनाचे. लिहिण्याची सोयच ठेवलेली नसल्यामुळे सर्वाधिकार असलेल्या रूट वापरकर्त्यालाही त्यात बदल करता येत नाही.

कॉम्प्रेस करण्याचे खरे कारण मेमरी. कर्नलचा डेटा स्वॅपमध्ये (मेमरीतला मजकूर तात्पुरता हलवण्याच्या डिस्कवरच्या जागेत) जात नाही, तो मशीन चालू असेपर्यंत जागा अडवून बसतो. म्हणून हा भाग मॉड्यूल, म्हणजे गरजेपुरता कर्नलला जोडायचा तुकडा, म्हणूनही बांधता येतो. पण मॉड्यूल ही पुन्हा डिस्कवरची वेगळी फाइल, म्हणजे मूळ फायदा निम्मा गेलाच.

२०१९ मध्ये आलेल्या ५.२ आवृत्तीत याच धर्तीवर कर्नलच्या हेडर फाइलींचा (त्याच्या अंतर्गत रचनांची वर्णने असलेल्या सी फाइलींचा) एक्सझेड पद्धतीने कॉम्प्रेस केलेला गठ्ठा /सिस/कर्नल खाली उपलब्ध झाला. फोनवर हेडरचे पॅकेज सहसा नसते आणि ईबीपीएफची (कर्नलच्या आत छोटे प्रोग्रॅम चालवण्याच्या सोयीची) साधने तिथेच संकलित करायची तर हेडर लागतात. हा गठ्ठा काही मेगाबाइटांचा असल्याने इथे मॉड्यूलचा पर्यायच शहाणपणाचा.

इनिटरॅमएफएस, म्हणजे बूट होताना लागणाऱ्या सुरुवातीच्या फाइलींचा संच, याच्या जवळचे, पण वेगळे. सीपीआयओ या स्वरूपातला तो संग्रहही कर्नलमध्ये बसवता येतो. मात्र बूट होताना तो मेमरीत उलगडला जातो, मूळ संग्रहाची जागा मोकळी होते आणि त्यातून निघालेल्या फाइलींवर लिहिताही येते.