वृद्धनिवासातील रात्रपाळी (मुंबई)

ज्या निवासात वृद्धांना औषधपाणी, आंघोळ, उठणे-बसणे यांत रोज मदत मिळते, तिथली रात्रीची बारा तासांची देखभाल म्हणजे रात्रपाळी. त्या वेळात कुणी पडले, कुणाची तब्येत बिघडली किंवा आग लागली तर करायची धावपळही तिच्यातच येते. मुंबईत या कामावरच्या बायकांना मावशी किंवा आया म्हणतात, पुरुषांना ब्रदर किंवा वॉर्डबॉय आणि शिकलेल्या परिचारिकेला सिस्टर. यांतली बरीच माणसे ब्यूरोमार्फत, म्हणजे देखभालीला माणसे पुरवणाऱ्या एजन्सीमार्फत येतात आणि महिनाअखेर ओढाताण असेल तर दिवसाला जोडून रात्रही करतात, म्हणजे ‘डबल ड्यूटी’.

दिवसा निवासात डॉक्टरांची फेरी असते, स्वयंपाकघर चालू असते, नातलग येत-जात असतात. रात्री एवढ्या डोळ्यांचे काम एक-दोन माणसांवर येते, आणि धोका तर रात्रीच वाढतो. म्हातारपणी लघवीला वारंवार उठावे लागते. झोपेच्या किंवा रक्तदाबाच्या गोळीने अंगात गुंगी असते, झटकन उभे राहिले की रक्तदाब उतरून डोळ्यांपुढे अंधारी येते, आणि बाथरूमची लादी ओली असते. स्मृतिभ्रंश असलेल्यांची घालमेल तिन्हीसांजेपासून वाढते. मध्यरात्री साडी नीट करून ‘घरी निघाले’ म्हणणाऱ्या आजी प्रत्येक निवासाच्या ओळखीच्या असतात. त्यांना दरडावायचे नसते. हात धरून चार पावले सोबत चालायचे, घोटभर पाणी द्यायचे आणि बोलत बोलत पलंगापाशी आणायचे.

या पाळीचा कणा म्हणजे जागे असलेले माणूस. अनेक ठिकाणी ‘रात्री माणूस असतो’ याचा अर्थ पॅसेजमध्ये चटई टाकून झोपलेली मावशी एवढाच असतो, आणि दिवसभर राबलेल्या बाईला झोप लागली तर दोष तिचा नाही, पाळी लावणाऱ्याचा आहे. मुंबईची आणखी एक अडचण आहे. शेवटची लोकल गेली की पहाटेच्या पहिल्या गाडीपर्यंत विरार, कल्याण, पनवेलकडे राहणारे बदली माणूस येणार कसे? म्हणून रात्री कुणाचा खाडा असेल तर त्याच्या जागी कोण येणार हे संध्याकाळीच ठरवावे लागते.

जागे राहण्याचे मोल सर्वांत स्पष्ट दिसते पक्षाघातात. मेंदूतील गुठळी विरघळवणारे इंजेक्शन साधारणपणे साडेचार तासांच्या आतच देतात, आणि लक्षणे कधी सुरू झाली हे ठाऊक नसेल तर हे तास रुग्ण शेवटचा धडधाकट दिसला तेव्हापासून मोजतात. रात्री दहाला दिवा मालवला आणि थेट सहाला चहा नेला, तर तोंड वाकडे झालेले आजोबा त्या हिशेबाने आठ तास मागे पडलेले असतात. पण रजिस्टरात ‘४.१० – बाथरूमला गेले, नीट बोलले’ अशी ओळ असेल तर डॉक्टरांच्या हाती वेळ उरतो. दर दोन तासांची फेरी आणि तिची नोंद याला निव्वळ कागदी काम समजू नये. अंथरुणाला खिळलेल्यांची कूस बदलायचे, म्हणजे पाठीला जखमा होऊ न द्यायचे कामही याच फेरीत होते.

पडलेल्या माणसाला काखेत हात घालून लगेच उठवणे ही नेहमीची चूक. आधी बोलून पाहायचे, कुठे दुखते ते विचारायचे. एक पाय आखूड दिसत असेल आणि पाऊल बाहेर वळले असेल तर खुब्याचे हाड मोडल्याची शंका धरून हलवायचे नाही. रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्याच्या डोक्याला मार लागला, तर वरून काही दिसत नसले तरी रुग्णालय गाठायचे. मधुमेही माणूस घामाघूम होऊन असंबद्ध बोलू लागला तर रक्तातली साखर मोजणारा ग्लुकोमीटर लावायचा. साखर ७० च्या खाली आणि माणूस शुद्धीवर असेल तर तीन चमचे साखर पाण्यात विरघळवून द्यायची. शुद्ध नसेल तर तोंडात काहीही घालायचे नाही. श्वास थांबला असेल तर मिनिटाला १०० ते १२० या गतीने छाती दाबत राहायचे आणि दुसऱ्याने फोन लावायचा. एकटीच मावशी असेल तर ही दोन कामे कशी व्हायची?

राज्यात १०८ क्रमांकाची रुग्णवाहिका सेवा २०१४ पासून आहे, आणि मुंबईत २०१७ पासून तिला मोटारसायकलींची जोड मिळाली. पण गाडी दारात येणे म्हणजे रुग्ण गाडीत जाणे नव्हे. मुंबईतले कित्येक निवास जुन्या इमारतींतल्या सदनिकांत चालतात. तिथल्या लिफ्टमध्ये आडवे स्ट्रेचर मावत नाही आणि जिन्याला वळण असते. पट्टे असलेली उचलखुर्ची, गेट उघडायला जागा असलेला वॉचमन आणि दाराशी टांगलेली फाइल हवी. तिच्यात चालू गोळ्या, ॲलर्जी, शेवटचा ईसीजी, आधारची प्रत आणि दोन नातलगांचे नंबर असले की केईएम, सायन, नायर किंवा कूपर या पालिका रुग्णालयांच्या कॅज्युअल्टीत वेळ वाचतो. पावसाळ्यात ऑक्सिजन यंत्रासाठी बॅकअप आणि भरलेला सिलिंडर लागतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा रस्तेच उरले नव्हते.

आईवडील व ज्येष्ठ नागरिकांच्या निर्वाह व कल्याणाच्या २००७ च्या कायद्यात वृद्धाश्रमांचा विचार आहे. पण रात्री किती माणसे जागी हवीत याचा आकडा त्या कायद्यात नाही. निकष ठरवणे त्याने राज्यांवर सोपवले आहे. त्यामुळे निवास पाहायला जाणाऱ्या मुलामुलींनी ‘स्टाफ किती?’ एवढ्यावर थांबू नये. रात्री दोनला जागे कोण असते ते विचारावे आणि कालचे रजिस्टर मागून पाहावे.

पाळी सकाळी हाती सोपवूनच संपते. ‘तेरा नंबरच्या आजी पाचदा उठल्या, लघवीला जळजळ म्हणत होत्या, थोड्या बरळल्या’ एवढे मावशीने सांगितले की दिवसपाळीची सिस्टर चहाच्या आधी थर्मामीटर लावते आणि डॉक्टरांना फोन करते.