फुटलेला लायनर आणि न सापडलेला तुकडा

द्राक्षात कीटकनाशकाचा अंश किती उरला, हे गॅस क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे नमुन्याची वाफ करून त्यातले घटक वेगळे करणाऱ्या यंत्रावर, तपासतात. ज्या औषधासाठी युरोपात वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमची सरसकट मर्यादा लागते. म्हणजे क्विंटलभर द्राक्षांत एक मिलिग्रॅम! इतकं बारीक मोजणाऱ्या या यंत्रात नमुना सगळ्यात आधी शिरतो तो पेन्सिलीहून किंचित बारीक अशा काचेच्या नळीत. हाच लायनर.

अ‍ॅजिलंट कंपनीच्या यंत्रांतला नेहमीचा लायनर ७८.५ मिलिमीटर लांब आणि आतून ४ मिलिमीटर रुंद असतो. पोटात जेमतेम एक मिलिलिटर मावतं. अडीचशे अंशांना तापलेल्या या नळीत सिरिंजने एक मायक्रोलिटर द्रव सोडला, की त्याची क्षणात वाफ होते. यंत्रातल्या नेहमीच्या दाबाला हेक्झेन या द्रावकाची वाफ साधारण २०० मायक्रोलिटर जागा घेते, तर पाण्याची सुमारे १४००, म्हणजे नळीत मावणारच नाही एवढी. नळी काचेची असते कारण तापलेल्या धातूला लागून नाजूक रेणू मोडतात. काचही पूर्ण निरुपद्रवी नाही. तिच्या पृष्ठभागावरचे सिलॅनॉल गट (सिलिकॉनला जोडलेल्या ऑक्सिजन-हायड्रोजनच्या जोड्या) रेणू धरून ठेवतात, म्हणून त्यांना रासायनिक प्रक्रियेने निष्क्रिय केलेलं असतं. काच तुटली की प्रक्रिया न झालेली कोरी कड उघडी पडते.

यंत्र आपलं आपण चालू असताना लायनर सहसा फुटत नाही. फुटतो तो आपल्या हातून. वरचा नट पान्याने जोर लावून आवळला, तापून चिकटलेली ओ-रिंग (लायनरभोवतीचं गळती रोखणारं कडं) न सोडवता नळी तिरकी ओढली, लायनर बसतो त्या गरम पोर्टमध्ये गार चिमटा घातला, किंवा खालून कॉलम, म्हणजे घटक वेगळे करणारी लांब बारीक नळी, जास्त आत सारला. या पोर्टमध्ये कॉलमचं टोक फेरूलच्या (कॉलमभोवती घट्ट बसणाऱ्या छोट्या कड्याच्या) वर ४ ते ६ मिलिमीटरच हवं. निमुळत्या लायनरमध्ये कॉलम याहून वर गेला तर काचेला टेकतो.

तडा गेलेला लायनर लगेच ओळखू येतोच असं नाही. आलेखातल्या शिखरांना शेपूट फुटतं, एकाच नमुन्याचे आकडे दर वेळी वेगळे येतात, स्प्लिटचं, म्हणजे वाफेचा किती भाग कॉलममध्ये न जाता बाहेर सोडायचा याचं, प्रमाण बिघडतं. पुष्कळदा दोष कॉलमवर ढकलला जातो आणि महागडा कॉलम उगाच बदलला जातो.

काढताना घाई नको. ओव्हन (कॉलम ठेवलेली तापती पेटी) आणि पोर्ट ४० अंशांच्या खाली येऊ द्यावेत, मग कॅरियर गॅस (वाफ पुढे नेणारा वायू) बंद करावा. कॉलमच्या दुसऱ्या टोकाला मास स्पेक्ट्रोमीटर (वस्तुमानावरून रेणू ओळखणारं उपकरण) जोडलेला असेल तर आधी त्यातली निर्वात स्थिती सोडावी. नाहीतर उघड्या कॉलममधून हवा आत ओढली जाते. चष्मा हवाच. नायट्रिलचे हातमोजे रसायन अडवतात, काच नाही, म्हणून तुकड्यांना चिमट्यानेच हात लावावा.

वरचा तुकडा चिमट्यात सापडला तर सरळ वर उचलावा. खालचा अडकला असेल तर वरून टोकरत बसू नये. ओव्हनच्या बाजूने कॉलम सोडवावा, खालचा नट काढून पोर्टचा तळ बंद करणारं, सोन्याचा मुलामा दिलेलं सील आणि वॉशर उतरवावं, ओव्हनच्या तळाशी पांढरा कागद अंथरावा आणि लाकडी काडीने तुकडा वरून हलकेच खाली लोटावा. स्टीलच्या तारेने आतली भिंत ओरखडते. दाबाची हवा मारण्याचा मोहही टाळावा: भुकटी स्प्लिट व्हेंटच्या वाटेत जाऊन बसते किंवा डोळ्यांत उडते. बारीक नळी लावलेल्या व्हॅक्यूमने ओढून घ्यावं, मग मिथेनॉलमध्ये भिजवलेल्या, धागे न सुटणाऱ्या बोळ्याने पुसावं.

आता कंटाळवाणं पण सगळ्यात मोलाचं काम. तुकडे कागदावर जुळवून शेजारी नवा लायनर ठेवावा. लांबी भरत नसेल तर काच अजून आत आहे. सीलवर राहिलेला एक कण मुलाम्यावर चरा पाडतो, तिथून गॅस गळतो आणि उघड्या धातूवर रेणू मोडू लागतात. म्हणून सील आणि वॉशर स्वच्छ दिसले तरी नवेच घालावेत. कॉलमला नट आणि नवं फेरूल चढवून मग टोकाचे एक-दोन सेंटीमीटर कापावेत आणि काप भिंगाखाली पाहावा. नव्या लायनरवर ओ-रिंगही नवी, वरच्या कडेपासून २-३ मिलिमीटर खाली. नट हाताने बसवून पान्याने अगदी थोडाच फिरवावा. तुकडे केराच्या टोपलीत नकोत, जाड भिंतीच्या बंद डब्यात टाकावेत. त्यांना कीटकनाशकंही लागलेली असू शकतात.

गॅस सुरू केल्यावर गळती इलेक्ट्रॉनिक डिटेक्टरने तपासावी, साबणाच्या पाण्याने नव्हे. ते आत शोषलं जातं. पंधरा मिनिटं गॅस वाहू दिल्यावरच तापमान चढवावं, कारण गरम कॉलमला ऑक्सिजन सोसत नाही. आधी नुसतं द्रावक टोचून पाहावं, मग डीडीटी आणि एन्ड्रिनचं मिश्रण. ही दोन्ही कीटकनाशकं कोऱ्या काचेवर आणि धातूवर सहज मोडतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेच्या ८०८१ क्रमांकाच्या पद्धतीत प्रत्येकाचं विघटन १५ टक्क्यांपर्यंत चालतं. त्यापेक्षा जास्त आलं, तर पोर्ट गार करून खालचं सील पुन्हा उघडावं.