दिवाळखोरीनंतरची पतउभारणी (अमेरिका)

दिवाळखोरीतून बाहेर पडलेल्या कर्जदाराने पुन्हा परवडणाऱ्या व्याजाने कर्ज मिळण्याइतकी पत कमावणे, म्हणजे पतउभारणी. ही नोंद अमेरिकेपुरती आहे. तेथे दिवाळखोरीचे प्रकरण १९७८ च्या कायद्याखाली संघीय न्यायालयात चालते. २००५ मध्ये या कायद्याच्या अटी बऱ्याच कडक झाल्या. कर्जदाराच्या परतफेडीचा इतिहास मात्र इक्विफॅक्स, एक्स्पीरियन आणि ट्रान्सयुनियन या तीन खासगी कंपन्यांच्या दप्तरी असतो. न्यायालय या कंपन्यांना स्वतःहून काही कळवत नाही, सार्वजनिक नोंदींतून त्या माहिती मिळवतात. ऋणमुक्तीचा, म्हणजे कर्जे माफ करणारा न्यायालयाचा, आदेश हाती पडला की दप्तरही आपोआप स्वच्छ होईल, या भरवशावर राहणे म्हणूनच महागात पडते.

बहुतेक व्यक्ती या कायद्याच्या चॅप्टर ७ किंवा चॅप्टर १३ या प्रकरणांखाली अर्ज करतात. चॅप्टर ७ मध्ये कायद्याचे संरक्षण नसलेली मालमत्ता असल्यास ती विकून धनकोंना पैसे दिले जातात, आणि उरलेली बरीचशी कर्जे अर्जापासून साधारण ४ महिन्यांत माफ होतात. चॅप्टर १३ मध्ये ३ ते ५ वर्षे उत्पन्नातून हप्ते भरावे लागतात, आणि त्या काळात नवे कर्ज घ्यायचे तर परवानगी लागते. १९७० च्या पतअहवाल कायद्यानुसार दिवाळखोरीची नोंद अर्जाच्या तारखेपासून जास्तीत जास्त १० वर्षे ठेवता येते. चॅप्टर १३ ची नोंद कंपन्या ७ वर्षांनी काढतात.

पत मोजण्यासाठी सर्वाधिक वापरला जाणारा फायको स्कोअर ३०० ते ८५० च्या दरम्यान असतो. त्यात वेळेवर परतफेडीला सुमारे ३५ टक्के आणि देणे असलेल्या रकमांना ३० टक्के महत्त्व असते. दिवाळखोरीने चांगला स्कोअर फार घसरतो. ज्याचे हप्ते कित्येक महिने थकलेले असतात, त्याचा स्कोअर अर्जाआधीच तळाला गेलेला असतो. कर्जे माफ झाल्यावर अशा माणसाचा स्कोअर वाढलेलाही दिसतो. नोंद १० वर्षे राहिली तरी तिचा प्रभाव वर्षागणिक ओसरत जातो.

ऋणमुक्तीनंतर दोन-तीन महिन्यांनी तिन्ही कंपन्यांचे अहवाल मागवून ओळ न्‌ ओळ तपासणे हे या सगळ्यातले पहिले काम. ते कंटाळवाणे आहे, पण फुकट आहे. अहवाल दर आठवड्याला विनामूल्य मिळू शकतो. माफ झालेले प्रत्येक खाते दिवाळखोरीत माफ झाल्याच्या शेऱ्यासह आणि शून्य बाकीने दिसले पाहिजे. एखादे खाते अजूनही थकीत दाखवलेले असू शकते, विशेषतः मधल्या काळात ते कर्ज वसुली कंपनीला विकले गेले असेल तर. अशा वेळी ऋणमुक्तीचा आदेश आणि अर्जासोबत दिलेली धनकोंची यादी जोडून लेखी हरकत घ्यावी. कंपनीला साधारण ३० दिवसांत चौकशी करावी लागते. माफ झालेल्या कर्जासाठी कोणी तगादा लावला, तर तो न्यायालयीन मनाईचा भंग ठरतो. पोटगी, मुलांचा निर्वाहखर्च, अलीकडचे बरेचसे कर आणि बहुतेक शैक्षणिक कर्जे यांतून सहसा सुटका नसते. ती देणी पुन्हा थकली तर दिवाळखोरीनंतरची ताजी थकबाकी म्हणून नोंदली जातात, आणि कर्ज देणाऱ्याला तीच जास्त खटकते.

नव्या नोंदी तयार करण्याचा रुळलेला मार्ग म्हणजे सिक्युअर्ड क्रेडिट कार्ड. बँकेकडे ठेव ठेवायची (अनेकदा २०० डॉलरपासून) आणि साधारण तेवढीच खर्चाची मर्यादा मिळवायची. कार्ड निवडताना वार्षिक शुल्काच्याही आधी विचारायचे ते हे, की परतफेडीची माहिती तिन्ही कंपन्यांना कळवली जाते का. प्रीपेड आणि डेबिट कार्ड या कामी उपयोगाचे नाही, कारण त्यात उधारीच नसते. बिल निघते तेव्हाची बाकी मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत ठेवावी असे सांगतात. २०० डॉलरच्या कार्डावर म्हणजे जेमतेम ६० डॉलर. मुद्दाम थोडी बाकी ठेवून व्याज भरले की स्कोअर वाढतो, ही समजूत चिवट आहे आणि चुकीची आहे. क्रेडिट युनियन (सभासदांच्या सहकारी पतसंस्था) देतात त्या पतउभारणी कर्जात रक्कम आधी खात्यात अडकवून ठेवतात आणि हप्ते फिटल्यावर हाती देतात. एखाद्या नातलगाच्या कार्डावर अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव घालणेही चालते, मात्र नातलगाने हप्ता चुकवला तर तो डागही वाट्याला येऊ शकतो.

चॅप्टर ७ ची ऋणमुक्ती मिळताच कार्डांची आणि गाडीकर्जांची पत्रे टपालाने येऊ लागतात. त्यात औदार्य नाही, हिशेब आहे. या माणसावर आता जुने कर्ज फारसे नाही, आणि आधीच्या अर्जापासून ८ वर्षे होईपर्यंत त्याला चॅप्टर ७ खाली पुन्हा ऋणमुक्ती मिळत नाही. व्याज अर्थातच चढे असते. पत न पाहता गाडी देणारे काही विक्रेते वेळेवर भरलेले हप्ते कोणाला कळवतच नाहीत. मग व्याज जाते आणि पत जिथल्या तिथे राहते.

घरकर्जाला थांबावे लागते. संघीय गृहनिर्माण प्रशासनाची हमी असलेल्या कर्जासाठी चॅप्टर ७ च्या ऋणमुक्तीनंतर साधारण २ वर्षे, तर घरकर्जे विकत घेणाऱ्या फॅनी मे या संस्थेच्या नियमांत बसणाऱ्या कर्जासाठी ४ वर्षे. आजारपणासारखी हाताबाहेरची कारणे सिद्ध करता आली तर ही मुदत कमी होऊ शकते.

खरी नोंद मुदतीआधी पुसून देतो म्हणणाऱ्या संस्थांचा धंदा जोरात चालतो. १९९६ च्या कायद्याने त्यांना काम पूर्ण होण्याआधी पैसे घेण्याची मनाई आहे, आणि ग्राहकाला ३ कामकाजी दिवसांत करार रद्द करता येतो. चुकीच्या नोंदीवर हरकत घेण्याचे जे काम त्या पैसे घेऊन करतात, ते कर्जदाराला स्वतः करता येते. काही जण वेगळा ओळख क्रमांक घेऊन कोरा पतइतिहास सुरू करण्याचा सल्ला देतात. कर्जाच्या अर्जावर असा क्रमांक लिहिणाऱ्या कर्जदारावर फसवणुकीचा फौजदारी खटला होऊ शकतो.